मागे बसणाऱ्याचा जबाब

पहूरच्या बसस्टँडासमोर संध्याकाळी चहाला बसलात तर गाड्यांची एक चर्चा हमखास कानावर येते. थार घ्यावी की गुरखा? जिम्नी बरी की एखादी जुनी जिप्सी शोधून ठाकठीक करावी? आणि पाचदारी थार रॉक्स आल्यावर तीनदारी गाडीत पैसे घालण्यात अर्थ उरला का? चर्चा करणारी पोरं हुशार आहेत. कोणाची केळी आहे, कोणाची कपाशी, कोणाचं कृषी केंद्र. आकडे त्यांना तोंडपाठ असतात आणि ते आकडे बहुतेक बरोबरही असतात. माझी तक्रार वेगळी आहे. या विषयावरची जेवढी तुलना मी आजवर ऐकली, वाचली आणि पाहिली, ती एकजात ड्रायव्हरच्या सीटवरून केलेली आहे. मागे बसणाऱ्याचा जबाब कोणीही नोंदवलेला नाही. तो आज नोंदवतो. तुम्हीही कधी ना कधी मागे बसला असाल, तेव्हा चहा सांगा आणि ऐका. प्रकरण जुनं आहे, थोडा वेळ लागेल.

आधी या गाड्यांत चालवणाऱ्याला एवढं काय आवडतं ते सरळ मांडतो, नाहीतर आकसानं बोलतोय असं म्हणतील. पहिली गोष्ट उंची. बोनेटची दोन्ही टोकं दिसतात, पुढच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत कापूस किती भरलाय ते दिसतं, रस्ता आपला वाटतो. दुसरी गोष्ट, गिअरच्या शेजारचा तो दुसरा दांडा. तो ओढला की मागच्या दोन चाकांना मिळणारी ताकद चारही चाकांना मिळते. आणखी ओढून ‘फोर लो’त टाकला की चाक दुपटी-अडीचपटीनं हळू फिरतं आणि जोर त्याच हिशेबानं वाढतो. तिसरी गोष्ट डिफरन्शियल लॉक. साध्या गाडीत एक चाक चिखलात गरगरायला लागलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते आणि कोरड्यावरचं चाक हात बांधून उभं राहतं. लॉक लावला की दोघांना एकाच वेगानं फिरावं लागतं. गुरखाला हा लॉक पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अ‍ॅक्सलना कंपनीकडूनच मिळतो. तिच्या चाहत्यांचा सगळा अभिमान त्यावर उभा आहे आणि तो रास्त आहे. या सगळ्याच्या खाली शिडीसारखी जाड लोखंडी चासी असते. तिच्यावर बॉडी वेगळी बसवलेली असते, त्यामुळे खड्ड्यात गाडी पिळली तरी मोडत नाही. हे सगळं मला मान्य आहे. माणसानं या यंत्रावर जीव लावावा असं त्यात खरोखर काहीतरी आहे.

आता तुलनेच्या तक्त्यात काय नाही ते बघा.

गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, हे मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. २०२० च्या थारचं २२६, जिम्नीचं २१०, २०२४ च्या गुरखाचं २३३. किती खोल पाण्यातून गाडी जाईल, तेही छापलेलं असतं. थार ६५० मिलिमीटर, गुरखा ७००. समोर चढ आला तर पुढचा बंपर न घासता गाडी किती अंशांपर्यंत भिडेल? थार ४१ अंशांहून थोडी जास्त. उतरताना मागचा बंपर टेकू नये म्हणून किती? सुमारे ३६. मधलं पोट बांधावर टेकू नये म्हणून तिसरा कोन. म्हणजे दगडाचा विचार झाला, ओढ्याचा झाला, बांधाचा झाला. पण मागच्या सीटवर चढताना पन्नाशीतल्या माणसाचा गुडघा किती अंशांत वाकतो, तो कोन कुठल्याही माहितीपत्रकात नाही. पायदान जमिनीपासून किती उंच, पुढची सीट दुमडल्यावर माणूस जाण्यासाठी किती सेंटिमीटरची फट उरते, आत गेल्यावर धरायला कडी आहे का, ती कुठल्या हाताला आहे, यांपैकी एकही बाब नोंदलेली नाही. बंपरला कोन आहे आणि गुडघ्याला नाही, ही पहिली बाब मी वाचकांच्या निदर्शनास आणून देतो.

तीनदारी गाडीत मागे जाण्याची कार्यपद्धती ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिसरं दार मागे असतं, पण ते सामानाचं. माणसाला पुढच्या डाव्या दारातूनच जावं लागतं. त्यासाठी पुढे बसलेल्यानं आधी खाली उतरायचं. मग त्यानं सीटचा खटका शोधायचा. सीट दुमडून पुढे सरकते, पण तिच्या पट्ट्याची दोरी दाराच्या चौकटीतून आडवी लोंबकळत राहते. तिच्याखालून डोकं काढायचं, उजवा पाय आत टाकायचा, कंबर वळवायची, डावा पाय ओढून घ्यायचा आणि छताला टाळू न लागता बसायचं. हातात भरीताचा डबा असेल तर तो आधी आत द्यावा लागतो. मग तो कोणाच्या मांडीवर ठेवायचा हा प्रश्न उरतो, कारण मागे तोवर कोणी बसलेलं नसतं.

एवढं करून माणूस आत पोचला की त्याचा उतरण्याचा अधिकार संपतो. पेट्रोलपंप आला, चहाची टपरी आली, लघुशंकेला थांबायचं झालं, तरी पुढचा उतरून सीट दुमडेल तेव्हाच मागचा बाहेर. पुढचा फोनवर बोलत दूर गेला तर मागच्यानं वाट बघायची. अशा गाड्यांत मागची काच बहुतेक उघडत नाही. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे मी पहूरच्या माणसांना सांगायची गरज नाही. पुण्याच्या वाचकांनी मात्र लक्षात घ्यावं.

आणि मागे बसतं कोण? इथे प्रकरण गाडीचं राहत नाही, रीतिरिवाजाचं होतं. आमच्या खान्देशात मामाला मान आहे. भाच्याच्या लग्नात मामा पाठीशी उभा राहतो, त्या मागे उभं राहण्याला अर्थ आहे, आहेराला अर्थ आहे. तोच भाचा गाडी घेतो आणि पहिल्याच फेरीला म्हणतो, “मामा, तुम्ही आणि मामी मागे बसा. याला पुढे बसू द्या, रस्ता दाखवायचाय.” रस्ता दाखवणारा हा त्याचा मित्र असतो. रस्ता शेंदुर्णीचा असतो. त्या रस्त्यावर मामाचं उभं आयुष्य गेलेलं असतं.

मी हे भाच्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “मामा, अहो, ही गाडी चालवायचीच आहे. मागे बसायला नाहीच ती.” मग मागे सीट का बसवली, या प्रश्नाचं उत्तर मला त्यानं दिलं नाही आणि तुलना करणाऱ्या कोणीही दिलेलं नाही. सीट आहे, पट्टा आहे, आरसी बुकात आसनक्षमता चार अशी नोंद आहे. शासनदरबारी चार माणसांची असलेली गाडी व्यवहारात दोघांची धरायची आणि उरलेल्या दोघांना सामानाच्या वर्गात टाकायचं, हा प्रकार मला पटत नाही.

अन्याय आजचा नाही. १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्करानं एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी मागितली. १९४१ पासून विलीजची जीप तयार होऊ लागली, पुढे फोर्डही बनवू लागली आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. तिच्यात मागे दोन चाकांच्या कमानींमध्ये एक आखूड बाक होतं. पुढच्यासाठी निदान वळवण्याचं चाक होतं धरायला. मागच्याला बॉडीची कड. ब्रिटनमध्ये १९४८ साली आलेली लँड रोव्हर ही जीप बघूनच सुचली, आणि तिच्यातही पाहुण्यांची सोय मागे उघड्या हौद्यातच होती. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रानं विलीजची जोडणी सुरू केली आणि पुढची काही दशकं तहसीलदार, वनखातं, पाटबंधारे, सगळी सरकारी फिरस्ती त्याच वाणाच्या जीपवर झाली. साहेब पुढे. शिपाई, फायली आणि सर्व्हेची साखळी मागे. आज भाचा मला मागे बसवतो, त्याच्या मुळाशी ही वहिवाट आहे.

१९८५ च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली. ९७० सीसीचं इंजिन, वजन टनाच्या आत, म्हणून ती वाळूत आणि चिखलात बुडायची नाही, वरून निघून जायची. हलकेपणा हाच तिचा खरा गुण होता. आजही जंगल सफारीत लोक तिच्याच नावानं गाडी ठरवतात. तिच्यात मागे समोरासमोर आडवे बाक. वाघ दिसला की मान वळवावी लागते, ती अर्ध्या माणसांना डावीकडे आणि अर्ध्यांना उजवीकडे. २०१० ची पहिली थारही आडव्या बाकांचीच होती. २०२० च्या नव्या थारमध्येही सुरुवातीला तसा एक प्रकार होता, तो कंपनीनं लवकरच बंद केला आणि मागच्याला अखेर तोंड पुढे करून बसायला मिळालं. हा बदल मी नोंदवून घेतो. त्याच वर्षी थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले, हेही चांगलंच झालं.

मागे बसणाऱ्याला न्याय मिळाला असा काळ आमच्याकडे एकदाच होऊन गेला, तो काळी-पिवळीचा. कमांडर, ट्रॅक्स, मॅक्स आणि नंतर क्रुझर. पहूर-जामनेर, पहूर-शेंदुर्णी, पहूर-फर्दापूर या वाटांवर त्यांनी माणसं वाहिली. आत किती बसायची त्याचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता. पण ड्रायव्हरकडे बघा. पुढच्या सीटवर त्याच्याखेरीज तिघे असायचे, कधी त्याच्या उजवीकडे दाराशीही एक. तो स्वतः अर्ध्या मांडीवर बसून, गिअरसाठी कोणाचा तरी गुडघा बाजूला सारत, पूर्ण रस्ता गाडी हाकायचा. गाडीत ज्याला त्रास नाही असा एकही माणूस नव्हता आणि म्हणून त्या गाडीत भांडणं कमी होती. मी त्या वाहतुकीची भलामण करत नाही, ती धोक्याचीच होती. पण चालवणाऱ्यानं मागच्याइतकंच सोसलं, असं मला त्यानंतर कुठल्याही गाडीत दिसलेलं नाही.

ज्यासाठी म्हणून या गाड्या घेतल्या जातात त्या ठिकाणी, म्हणजे शिवारात, आता जाऊ.

थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरीताची पार्टी होते. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी वांगी, मिरच्या, सोबत कळण्याची भाकर. हंगाम कोरडा असतो, तेव्हा कुठलीही गाडी जाते. भाच्याची जाते, तशी शेजाऱ्याची जुनी बोलेरोही जाते, आणि मोटारसायकलवर तिघे बसून येतात तेही वेळेवर पोचतात. खरी परीक्षा अवकाळी पाऊस झाला की लागते. इथली काळी माती भिजली की फुगते आणि चिकट होते. टायरच्या नक्षीत ती घट्ट बसते, नक्षी बुजते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. मग लॉक आहे की नाही, दांडा कुठे आहे, याला फारसा अर्थ राहत नाही, कारण जोर जमिनीला पोचतच नाही. ज्याला शेत आहे तो माणूस त्या दिवशी गाडी डांबरीवरच ठेवतो, चपला हातात घेतो आणि चालत जातो. ज्यानं चारचाकी ताकदीवर पैसे घातलेत त्याला तसं करवत नाही.

गाडी फसली, की उतरायचं कोणी? मागच्यानं. धक्का मारायचा कोणी? मागच्यानं, कारण चालवणाऱ्याला चाकाशी बसावं लागतं आणि पुढचा मित्र मोबाइलवर चित्रीकरण करत असतो. चारही चाकं फिरली की चिखल चारही चाकांकडून उडतो. त्यातला मागच्या दोन चाकांचा थेट धक्का मारणाऱ्याच्या अंगावर येतो. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. तो साखळी लावून दोन मिनिटांत ओढतो, आणि घरी गेल्यावर हकीकत सांगितली जाते ती “गाडी काय भारी निघाली भो” अशी. त्या हकीकतीत माझं आणि ट्रॅक्टरचं, दोघांचंही नाव येत नाही.

२०२३ च्या जानेवारीत थारचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा प्रकार आला, दहा लाखांच्या आतल्या किमतीपासून. दिसायला तीच, पुढच्या चाकांना मात्र ताकद नाही आणि तो दुसरा दांडाही नाही. ती बाजारात उतरली तेव्हा मला या सगळ्या आवडीचं मूळ कळलं. शहरात आणि हायवेवर चालवणाऱ्या बहुतेकांना हवी असते ती उंची, ते गोल दिवे, मागच्या दारावरचं स्टेपनीचं चाक आणि आपण वाटेल तिथे जाऊ शकतो ही भावना. त्या भावनेला मी हलकं म्हणत नाही. पण ती पुढच्या सीटपर्यंतच पोचते. मागच्या सीटवरून गोल दिवे दिसत नाहीत.

वाटेल तिथे जाणारी गाडी प्रत्यक्षात कुठपर्यंत जाते, तेही सांगतो. पाहुणे आले की भाचा त्यांना अजिंठ्याला नेतो. पहूरवरून वाहणारी वाघूर नदी जिथून येते, त्याच डोंगरात लेणी आहेत. फर्दापूरच्या टी पॉइंटला खासगी गाड्या थांबवतात. भाच्याची गाडी तिथे पार्किंगला लागते आणि पुढचे चार किलोमीटर सगळ्यांना एसटीच्या बसनं जावं लागतं. त्या बसमध्ये मी खिडकीशी बसतो. भाच्याला पुष्कळदा उभं राहावं लागतं. बसला स्वतंत्र दार आहे, धरायला दांडा आहे, कुठलीही सीट दुमडावी लागत नाही. मामीनं तर मला विचारलं, की मग घरूनच बसनं का आलो नाही.

आणि घरापासून फर्दापूरपर्यंतचा रस्ता! २०१८ नंतर कित्येक वर्षं जळगाव-औरंगाबाद महामार्ग खोदून पडलेला होता. मुरूम, धुळीचे लोट, पावसाळ्यात गाळ, मध्येच सिमेंटचा एक पट्टा आणि पुन्हा उतार. जगभरातून लेणी बघायला आलेली माणसं त्यातूनच गेली. त्या काळात एसटी, दूधवाल्याची मोटारसायकल आणि केळीचा ट्रक या सगळ्यांनी राष्ट्रीय महामार्गावर राहूनच रानवाटेचा अनुभव घेतला. गाड्यांची तुलना करणारी मंडळी लडाखला गेली, गोव्याला गेली, थरच्या वाळवंटात गेली. पहूरला आली नाहीत. आली असती तर मागच्या सीटखालचं स्प्रिंग पाठीच्या कण्याशी काय बोलतं ते त्यांना कळलं असतं. आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, म्हणजे पीजे, तेव्हा काही काळ चालू होती, पहूरला स्टेशन होतं. त्या पीजेत सगळे डबे प्रवाशांसाठीच होते. चालवणाऱ्याला कसं वाटतं याची चर्चा त्या गाडीच्या बाबतीत कोणी कधी केली नाही. २०२० मध्ये तीही थांबली.

आता माझ्या बाजूनं तुलना नोंदवतो. जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये आपल्याकडे आली ती मागच्याला स्वतःचं दार घेऊनच. वजन सुमारे बाराशे किलो, म्हणजे जिप्सीचा गुण बराच राखलेला, आणि फोर लोही आहे. जागा दोघांची, पण ते दोघे स्वतःच्या इच्छेनं उतरू शकतात. गुरखाची पाचदारी २०२४ ला आली, सात माणसांची. तिची काच मोठी आहे आणि मागच्याला बाहेरचं जग दिसतं. थार या नावाला मागचं दार मिळायला २०२४ चा १५ ऑगस्ट उजाडला. पहिली थार २०१० ची, म्हणजे चौदा वर्षं लागली. स्वातंत्र्यदिनी हे दार मिळालं याचा मला खरोखर आनंद झाला आणि तसं मी भाच्याला कळवलं. त्यानं तीनदारी गाडी त्याच्या आधीच घेतलेली होती. बोलेरो २००० सालापासून आहे. तिला ऐट नाही, बहुतेकींना चारचाकी ताकद नाही, पण मधल्या बाकाला दोन्हीकडून दार आहे, मागे पट्ट्यांचे स्प्रिंग आहेत आणि जामनेर तालुक्यातल्या कुठल्याही गॅरेजात ती उघडता येते. शिवारात रोज जाणारी गाडी तीच आहे, म्हणून तिची तुलना कोणी करत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. माहितीपत्रकात बंपरच्या कोनाशेजारी गुडघ्याचा कोन छापावा. गाडी पसंत करणाऱ्यानं सौदा करण्याआधी मागच्या सीटवर बसून पहूर ते फर्दापूर जावं, मांडीवर भरीताचा डबा घेऊन, आणि टी पॉइंटला पुढचा उतरेपर्यंत आत थांबून दाखवावं. गाडी फसली तर वळवण्याच्या चाकाशी मामानं बसावं आणि धक्का भाच्यानं व त्याच्या मित्रानं मारावा. शासनानं २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. आमच्या शिवाराच्या वाटेवर एकदा खडी पडली, की पुढे बसून रस्ता दाखवायचं कामही उरणार नाही आणि ती सीट रिकामी होईल. तोवर पार्टीचं बोलावणं आलं तर मी येईन, पण क्रुझरनं. मधल्या बाकावर, दाराशी. ती भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून भाच्याला सांगून ठेवलंय, की वांगी मी पोचल्यावरच जाळात टाक.